घराचे मोल कोण ठरवतो? सुप्याच्या खतांपासून बाळकुमच्या सदनिकेपर्यंत

१/ ठाण्याहून कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर बाळकुम लागते. तेथे आज गावठाणाशेजारी उंच गृहसंकुले उभी आहेत. त्यांतील एखादे कुटुंब आपले गृहकर्ज कमी व्याजाच्या बँकेकडे नेऊ पाहते, तेव्हा नवी बँक प्रथम मूल्यांकक पाठवते. तो खोल्या मोजतो, छायाचित्रे घेतो व जातो. त्या थोड्या वेळामागे जवळपास दोन शतकांचा इतिहास आहे.

२/ जी वस्तू विकता येते, तीच तारण ठेवता येते. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीन पाहणी झाली. मातीची प्रत आण्यांत मोजली गेली. १६ आणे म्हणजे उत्तम. हेतू सारा ठरवण्याचा होता. पण त्यामुळे रयतेचा ताबा निश्चित व हस्तांतरणीय झाला आणि जमीन सावकाराच्या नजरेत भरली.

३/ अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव चढले. कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव उतरले. साऱ्याची फेरआकारणी मात्र वर गेली. कर्ज होते तिथेच राहिले.

४/ कर्जाचे नूतनीकरण तेव्हाही होई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून त्याच सावकाराच्या नावे नवे खत लिहिले जाई. रक्कम तो सांगे, जमिनीचे मोलही तोच ठरवी. निरक्षर शेतकरी नांगराची निशाणी करून मोकळा होई. आजचा कर्जदार ओझे हलके व्हावे म्हणून कर्ज बदलतो. तेव्हा प्रत्येक बदलाने ते वाढत असे.

५/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी उद्रेक झाला. जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता: सावकारांची खते हिसकावून जाळली गेली. चौकशी आयोग बसला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खतामागे जाऊन हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला. सावकाराने लिहिलेला आकडा अंतिम नाही, हे कायद्याने मान्य केले.

६/ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात गहाण सोडवण्याचा हक्क स्पष्ट झाला. आज नवी बँक जुनीचे देणे फेडते व घराचे कागद आपल्याकडे घेते, त्या व्यवहाराचा पाया हाच हक्क आहे.

७/ १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की मूल्यांकक स्वतंत्र असावा, त्या मालमत्तेत त्याचा हितसंबंध नसावा. पैसे देणारा हात व मोल ठरवणारा हात वेगळे झाले.

८/ शासनाचा रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो. बँकेचा मूल्यांकक चटई क्षेत्र, इमारतीचे वय, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र व आसपासचे अलीकडचे व्यवहार पाहतो. मेट्रो ५ च्या मार्गावर बाळकुम नाका आहे. पण उद्याच्या मेट्रोच्या आशेवर सांगितलेला भाव आणि आज नोंदवलेला व्यवहार यांत तो दुसऱ्याला वजन देतो. गावठाणातील पिढीजात घर कितीही भक्कम असो, मालकीचे कागद नसतील तर बँकेच्या लेखी ते तारण ठरत नाही.

९/ २०१५ च्या नियमांनुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के व त्यापुढे ७५ टक्के मिळू शकते. समजा, ६४ लाख फेडायचे आहेत. घराचे मोल ८० लाख ठरले तर कर्ज जेमतेम बसते. ७५ लाख ठरले तर ६० लाखच मिळतात. उरलेले ४ लाख पदरचे घालावे लागतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बंद केला, त्यामुळे बाहेर पडण्याचे दार खुले झाले. त्या दाराची रुंदी मात्र मूल्यांकन ठरवते.

१०/ मूल्यांकनाचा खर्च बहुधा कर्जदारच सोसतो. अहवाल मात्र बँकेसाठी लिहिलेला असतो. सुप्याच्या शेतकऱ्याला आपले खत वाचता येत नव्हते. बाळकुमच्या कर्जदाराला येते. त्याने अहवालाची प्रत मागावी, क्षेत्रफळ आपल्या करारनाम्याशी ताडून पाहावे आणि चूक आढळल्यास लेखी हरकत घ्यावी.