कोकणात उतरावे कोणत्या घाटाने?

गणेश चतुर्थीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील लाखो चाकरमानी कोकणाकडे निघतात. रेल्वेचे आरक्षण काही मिनिटांत संपलेले असते, एसटीच्या जादा गाड्याही भरतात आणि उरलेली सारी गर्दी पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागते. एरवी आठ-नऊ तासांत होणाऱ्या प्रवासास या दिवसांत दुप्पट वेळ लागल्याचा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. उन्हाळी सुटीत असा उशीर झाला तर एक दिवस वाया जातो, एवढेच. चतुर्थीला मात्र घरच्या मूर्तीची प्रतिष्ठापना व्हावयाची असते आणि ती वेळ कोणासाठी थांबत नाही.

पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणास २०११मध्ये प्रारंभ झाला. हे काम पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर आणि माणगाव ही नावे वाहनचालकांच्या तोंडी कोंडीची ठिकाणे म्हणूनच बसली. विशेषतः इंदापूर आणि माणगाव येथे महामार्ग बाजारपेठेतून जात असल्याने रस्ता कितीही रुंद झाला तरी बाजाराच्या तोंडाशी वाहने तुंबतात. पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाखालून बोगदा झाल्याने तेथील त्रास बराच कमी झाला आहे. म्हणजे खरी अडचण पहिल्या दीडशे किलोमीटरची आहे. पर्यायी मार्गाचा विचार करताना हे ध्यानी घेणे महत्त्वाचे.

दरवर्षी वृत्तपत्रांतून पर्यायी मार्गांच्या याद्या प्रसिद्ध होतात. त्या चुकीच्या नसतात, पण सर्व कोकणासाठी एकच यादी उपयोगाची नाही. पुणे-बंगळूर महामार्ग सह्याद्रीच्या पूर्वेकडून आणि मुंबई-गोवा महामार्ग पश्चिमेकडून, असे दोन्ही रस्ते दक्षिणेकडे जातात. त्यांना जोडणारे घाट ठरावीक ठिकाणीच आहेत. त्यामुळे पुण्यावरून जाण्याचा वळसा उत्तर कोकणासाठी फार मोठा पडतो आणि गाव जितके दक्षिणेला, तितका तो लहान होत जातो. चिपळूणसाठी हा फेरा सव्वाशे किलोमीटरहून अधिक होतो, राजापूरसाठी त्याच्या निम्म्यावर येतो आणि कणकवली किंवा सावंतवाडीसाठी अवघा चाळीस-पन्नास किलोमीटर उरतो. सिंधुदुर्गातील माणसाने गर्दीच्या दिवशी माणगावच्या रांगेत उभे राहण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

रायगड जिल्ह्यात आणि खेड-दापोलीकडे जाणाऱ्यांना मात्र पुण्याचा फेरा परवडणारा नाही. ताम्हिणी घाटाने पौड, मुळशी, विळे आणि निजामपूरमार्गे माणगावला येता येते, पण तो रस्ता पुणेकरांसाठी. मुंबईकराने खोपोलीपर्यंत जाऊन तेथून पालीमार्गे वाकण फाट्यावर यावे. त्यामुळे पेण, वडखळ आणि नागोठणे ही तिन्ही ठिकाणे टळतात. अलिबागकडे जाणारी वाहने वडखळपर्यंत याच महामार्गावर असतात, त्यांच्यापासूनही सुटका होते. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर येथील रहिवाशांनी तर पनवेलला यावयाचेच नाही. नेरळ, कर्जत, खोपोली असा त्यांचा सरळ रस्ता आहे. पेणच्या कारखान्यातून मूर्ती न्यावयाची असेल तर गोष्ट वेगळी. त्यांनी ती चार-आठ दिवस आधीच आणून ठेवलेली बरी.

चिपळूण, गुहागर आणि संगमेश्वरच्या प्रवाशांपुढे खरा पेच असतो. साताऱ्याच्या पुढे उंब्रज येथे वळून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण येते. अंतर पाहता हा मार्ग तोट्याचा आहे. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत माणगावच्या बाजूने काही तासांची कोंडी असल्याची पक्की खबर असेल तरच तो घ्यावा. आठवडाभर आधी निघणाऱ्याने वाकणमार्गेच जावे.

रत्नागिरी आणि लांज्यासाठी आंबा घाट. त्यासाठी कोल्हापूरपर्यंत जाण्याची गरज नाही. कराडजवळून शेडगेवाडी आणि कोकरूडमार्गे मलकापूर गाठता येते व बरेच अंतर वाचते. मलकापूरहून साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा असा रस्ता आहे. राजापूरच्या पूर्व भागातील गावांना, पाचल-ओणी परिसराला, अणुस्कुरा घाट जवळचा. तो अरुंद आहे आणि रात्री सुनसान असतो, त्यामुळे ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांनीच तो निवडावा.

सिंधुदुर्गासाठी घाटांची निवड अधिक. वैभववाडी आणि तळेऱ्याकडे जाणाऱ्यांना कोल्हापूरहून गगनबावडा व करूळ घाट, कणकवलीसाठी राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट, तर सावंतवाडी, वेंगुर्ले व दोडामार्गसाठी निपाणी अथवा संकेश्वर-गडहिंग्लजमार्गे आजरा आणि आंबोली. कुडाळ मधोमध असल्याने फोंडा व आंबोली यांपैकी जो मोकळा असेल तो घ्यावा. करूळ घाट २०२४मध्ये रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता आणि त्या काळात शेजारचा भुईबावडा घाट व फोंडा घाट यांवर सारा भार आला. निघण्यापूर्वी घाट सुरू असल्याची खात्री करणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

भाद्रपदात पाऊस ओसरलेला नसतो. घाटांत दरडी कोसळतात आणि दाट धुके उतरते. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत कोकणातील अनेक घाटरस्ते एकाच वेळी बंद पडले होते. वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवला जातो. महाबळेश्वर ते पोलादपूर हा आंबेनळी घाट नकाशावर मोहक दिसला तरी जुलै २०१८मध्ये तेथे बस दरीत कोसळून ३० जणांना प्राण गमवावे लागले होते. भ्रमणध्वनीवरील नकाशा वाहनांचा वेग पाहून रस्ता सुचवितो, ताज्या दरडीची वा बंदीची खबर त्यास असेलच असे नाही. घाटाच्या वरच्या गावातील पोलीस ठाण्याला केलेला एक दूरध्वनी अशा वेळी अधिक खात्रीचा ठरतो. शक्यतो घाट उजेडी उतरावा. वेळेचे गणित उलट्या दिशेने, म्हणजे घाटमाथ्यावर केव्हा पोहोचावयाचे तेथून मांडले की मुंबईतून निघण्याची वेळ आपोआप ठरते.

आंबोली वा फोंडा घाट दुपारी उतरावयाचा तर मुंबईतून पहाटे तीनच्या सुमारास निघणे उत्तम. त्या वेळी बोरघाट मोकळा मिळतो आणि पुण्याचा बाह्यवळण मार्ग, म्हणजे किवळे, वाकड, चांदणी चौक, वारजे व नवले पूल हा पट्टा, शहर जागे होण्याआधी ओलांडता येतो. सकाळी आठनंतर तेथे सापडलेल्यास वळसा घेतल्याचा सारा लाभ गमवावा लागतो. दक्षिण मुंबईतील रहिवाशांसाठी जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेला शिवडी ते चिर्ले हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सोयीचा आहे. त्यामुळे सायन-पनवेल मार्ग टळतो. ठाणेकरांना ऐरोलीमार्गे किंवा मुंब्रा बाह्यवळण, शिळफाटा, तळोजा असे कळंबोलीस येता येते. पळस्प्याकडे वळावयाचे की द्रुतगती मार्ग धरावयाचा, हे कळंबोलीच्या आधीच ठरलेले असावे.

इंधन महामार्गावरच भरून घ्यावे. घाटरस्त्यांवर पंप विरळ आहेत आणि सीएनजीच्या रांगेत तासभर सहज जातो. अलीकडच्या वर्षांत राज्य शासन गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना पथकरात सवलत देत आले आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि पोलिसांकडून त्यासाठी वाहनाच्या क्रमांकासह पास दिला जातो. ही सवलत मुंबई-गोवा महामार्गाबरोबरच पुणे-सातारा-कोल्हापूर बाजूसही लागू करण्यात आलेली आहे. त्यामुळे लांबच्या मार्गाने जाणाऱ्यास खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी येथील पथकराची धास्ती बाळगण्याचे कारण राहत नाही. त्या-त्या वर्षीचा आदेश आणि त्यातील तारखा मात्र पाहाव्यात. तोच पास परतीलाही चालतो, तेव्हा तो गाडीतून काढून टाकू नये.