कणीक कोण मळतं?

डीप डिश पिझ्झाचा जन्म १९४३ सालचा. शिकागोत ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅश अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आइक सिवेल आणि रिक रिकार्डो या दोघांनी ‘पिझ्झेरिया उनो’ सुरू केलं आणि तिथून हा पदार्थ शहरभर पसरला. त्याच वर्षी आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यसमितीतले इतर नेते कैदेत होते. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत होती. नेहरूंनी १९४४ साली याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, त्याच्या सुरुवातीच्याच पानांत तो दुष्काळ आहे. आझाद मात्र आपल्या पत्रांत चहाबद्दल मन लावून लिहीत होते. शिकागोचा आणि किल्ल्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण एकाच सालातल्या गोष्टी शेजारी ठेवून बघायची मला खोड आहे आणि यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे जिथे डीप डिश खायला गेलो, ते सावेडीतलं हॉटेल किल्ल्यापासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे.

आम्ही सगळे म्हणजे आई, पप्पा, धाकटा भाऊ, मी आणि पप्पांची आई. आजी पारनेर तालुक्यातली, सत्तरीच्या बरीच पुढची. वेटरने सांगितलं, “पाऊण तास लागेल.” डीप डिशला लागतोच. खोल तव्यासारख्या भांड्यात पीठ कडेपर्यंत चढवतात, त्यावर आधी चीज, मग भाज्या वगैरे आणि सगळ्यात वर टोमॅटो. नेहमीच्या पिझ्झाच्या बरोबर उलटा क्रम. कारण साधं आहे: एवढा जाड थर आतपर्यंत भाजेस्तोवर वर ठेवलेलं चीज करपून जाईल. कुणीतरी आधी चुकीच्या क्रमाने करून बघितलं असणार, असं मला उगाच वाटतं.

त्या पाऊण तासात आजी बोलत बसली. तिच्या तरुणपणी हॉटेल ही पुरुषांची जागा होती. बाजाराच्या दिवशी आजोबा तिथे चहा-भजी खायचे आणि घरी कागदाच्या पुड्यात शेव-चिवडा यायचा. बायकांचं ‘बाहेरचं खाणं’ म्हणजे तो पुडा. पुढे एसटी स्टँडजवळच्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ अशी पाटी दिसायला लागली. फॅमिली रूम म्हणजे मागच्या बाजूला पडदा लावलेला कप्पा. आजी पहिल्यांदा अशा कप्प्यात बसली ती पप्पांना दवाखान्यात दाखवून परतताना. तिने पडद्याकडे पाठ करून मिसळ खाल्ली, कारण पडदा वाऱ्याने हलत होता. या कप्प्यांचा इतिहास कुणी नीट लिहिलेला माझ्या वाचनात नाही. लिहायला हवा. आपल्याकडे ‘फॅमिली’ हा शब्द हॉटेलच्या पाटीवर आला तो बायकांसाठी, त्यांना झाकण्यासाठी का असेना.

पिझ्झा आला. आजीने तो नीट न्याहाळला.

“हे कुठलं गं?”

“अमेरिकेचं.”

“म्हंजी मिलोसारखं?”

भाऊ हसला. पप्पा हसले नाहीत.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतली लाल ज्वारी आली, तिला सगळे मिलो म्हणायचे. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांना घालतात. त्याआधी १९५६च्या करारापासून पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली तिथला गहू जहाजं भरभरून भारतात येत होता. पण आमच्या भागाच्या डोक्यात बसली ती मिलोच. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, ती ओच्यात बांधून ती पप्पांसाठी घरी आणायची. मिलोची भाकरी थापताना चिरायची, तव्यावरून काढताना तुटायची. “पीठ ऐकायचंच नाही,” आजी म्हणाली. दुष्काळाबद्दल तिची मुख्य तक्रार अजूनही हीच आहे.

तिने तुकडा घेतला. चीजची तार लांबत गेली, ती तिने बोटाने तोडली.

ते चीज काही आम्हाला परकं नाही. दुष्काळानंतर संकरित गाई आल्या, दूध संस्था आल्या आणि आमचा जिल्हा दुधाचा झाला. श्रीरामपूरला प्रभात डेअरीने चीजचा कारखाना काढला. २०१९ साली तो दुधाचा धंदा सुमारे १,७०० कोटी रुपयांना लॅक्टॅलिस या फ्रेंच कंपनीच्या समूहाकडे गेला. १९९६ साली डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरूत उघडलं, तेव्हा चीज म्हणजे काय हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आता माझे चुलते रोज पहाटे डेअरीला दूध घालतात आणि स्वतः चीज खात नाहीत. त्यांना ते रबरासारखं लागतं.

आजी कड चावत होती. जाड, तुपकट, खुसखुशीत कड. तिने वेटरला हाक मारली. “पोरा, ही कणीक कोण मळतं?”

“मशीन आहे, आजी.”

तिला ते पटलं नाही. रात्री मी मोबाइलवर शोधायला बसले. डीप डिशची मूळ कृती नेमकी कुणाची, यावर शिकागोत अजून वाद आहे. सिवेल, रिकार्डो, तिथे काम करणारे रूडी मालनाटी, अशी नावं घेतली जातात. सगळे पुरुष. पण उनोच्या स्वयंपाकघरात ॲलिस मे रेडमंड नावाची एक कृष्णवर्णीय स्वयंपाकीण होती. पीठ नीट ताणलं जात नव्हतं, तेव्हा तिने त्यात स्वतःच्या मनाने बदल केला, असं सांगतात. १९६६ साली ‘जिनोज ईस्ट’ सुरू झालं, तेव्हा त्यांनी तिला आपल्याकडे घेतलं आणि पिठाची जबाबदारी तिच्यावर दिली. त्या हॉटेलचं नाव झालं ते या पिठामुळे.

सकाळी मी हे आजीला सांगितलं. उरलेला तुकडा ती चहाबरोबर खात होती, गारच.

“म्हंजी तिलाबी पीठ ऐकत नव्हतं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पगार बरा देत व्हते का तिला?”