दोन दुष्काळ आणि पंडिता रमाबाईंचा भरवसा

पैठणला एकनाथांच्या वाड्यात एक रांजण दाखवतात. साक्षात भगवंताने श्रीखंड्या नावाचा गडी होऊन बारा वर्षे नाथांच्या घरी गोदावरीचे पाणी कावडीने वाहिले आणि हा रांजण भरला, अशी कथा आहे. नाथषष्ठीच्या सुमारास तो आजही विधिपूर्वक भरला जातो. भक्ताचा योगक्षेम देव वाहतो, ही श्रद्धा इथे डोळ्यांनी पाहता येते.

हीच श्रद्धा मराठी ख्रिस्ती इतिहासात शोधू गेल्यास वाट पैठणहून पुणे जिल्ह्यातील केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनापर्यंत जाते. मात्र तिचा उगम रमाबाई ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. तीर्थक्षेत्री, देवळात वा घाटावर पुराण सांगावे आणि श्रोते देतील त्यावर गुजराण करावी, असा या कुटुंबाचा क्रम होता. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा उरलेसुरले द्रव्य दानधर्मात आणि देवकार्यात गेले. व्रते झाली, जप झाले, अन्न मात्र मिळेना. अंगमेहनतीची सवय नव्हती. भीक मागणे प्रतिष्ठेआड येत होते. अल्पावधीत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. अखेरच्या निरोपात वडिलांनी धाकट्या लेकीला सांगितले, की तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर.

हा वृत्तांत रमाबाईंनी १९०७ च्या सुमारास, ख्रिस्ती झाल्यानंतर दोन तपांनी लिहिला. जुन्या धर्माकडे पाहण्याची त्यांची नवी दृष्टी त्यात उतरली आहे, हे वाचकाने विसरू नये. तरीही वडिलांचा तो निरोप त्यांनी टाकून दिला नाही. देव बदलला, सोपवलेपण तेच राहिले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. ती मुदतही सरत आली होती.

नेमक्या याच वेळी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमारीने मरणाऱ्या मुली पाहताना रमाबाईंना स्वतःचे बालपण आठवले. हाताशी पैसा नव्हता. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथांना पोसत होते. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. त्यांनी मुली आणायचे ठरवले आणि सुमारे तीनशे आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. आलेल्यांपैकी अनेक मुली वाचल्या नाहीत. पुढे १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इथे रमाबाईंचा भरवसा वडिलांच्या भरवशापासून वेगळा होतो. ‘देव पुरवील’ म्हणत त्यांनी विहिरी खोदून घेतल्या, शेती लावली. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, शिवणकाम आणि छापखाना सुरू केला. पहिल्या दुष्काळात जे हात रिकामे राहिले, ते दुसऱ्यात कामाला लागले. कथेतला श्रीखंड्याही काही चमत्काराने रांजण भरत नाही, तो खांद्यावर कावड घेतो. त्यामुळे ही रीत पैठणकरांना परकी वाटू नये. टीकाकार मात्र या मुलींना अन्नासाठी ख्रिस्ती झालेल्या म्हणत. उपाशी मुलीची निवड कितपत स्वतंत्र असते, हा त्या टीकेतला प्रश्न आजही सोपा नाही.

तिसरी परीक्षा दुष्काळाची नव्हती. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. संस्थेचा भार पुढे तिच्यावरच यायचा होता. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तिथल्याच स्त्रियांनी जुळवले होते.