न्यू ऑर्लिन्समधील कॅथलिक शाळा आणि वर्णभेद

अमेरिकेच्या दक्षिण किनारपट्टीवरील न्यू ऑर्लिन्स हे बंदर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसविले. अवघ्या नऊ वर्षांनी, १७२७ मध्ये, फ्रान्सहून आलेल्या उर्सुलाइन धर्मभगिनींनी तेथे मुलींच्या शिक्षणास प्रारंभ केला. वसाहतकारांच्या मुलींबरोबरच कृष्णवर्णीय व मूळनिवासी मुलींनाही त्या शिकवीत. मात्र त्याच मठाच्या मालकीचे गुलामही होते. येथील कॅथलिक शिक्षणाच्या इतिहासात ही विसंगती वारंवार आढळते.

लुइझियाना राज्याने १८३० मध्ये गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. अशा काळात शिक्षणाची वाट मुक्त कृष्णवर्णीयांनी स्वतःच तयार केली. हेन्रिएट डेलिल यांनी १८४२ मध्ये 'पवित्र कुटुंबाच्या भगिनी' हा संघ स्थापून सेवा व अध्यापनाचे कार्य आरंभिले. आफ्रिकेत जन्मलेल्या आणि गुलामीतून मुक्त झालेल्या मारी कूव्हाँ यांनी मुक्त कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या कॅथलिक शाळेसाठी मृत्युपत्राद्वारे मालमत्ता ठेवली होती. १८३७ मध्ये त्यांचे निधन झाले. शाळा १८४८ मध्ये उघडली. तेथे शिकलेले रोडॉल्फ देस्द्यून पुढे रेल्वेतील वर्णविभाजनाविरुद्धच्या लढ्यात अग्रभागी होते. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे विभाजन वैध ठरविले.

विसाव्या शतकातही कॅथलिक शाळा वर्णानुसार विभागलेल्याच राहिल्या. कॅथरिन ड्रेक्सेल यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी झेवियर ही शाळा स्थापन केली; १९२५ मध्ये तेथे महाविद्यालय उभे राहिले. त्यामुळे शिक्षणाची संधी वाढली, विभाजन मात्र कायम राहिले.

आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ मध्ये वर्णविभाजन हे पाप असल्याचे जाहीर केले. परंतु अनेक गोऱ्या पालकांच्या व राजकारण्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली. दरम्यान, न्यायालयाच्या आदेशानुसार १९६० मध्ये चार कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्यांच्या सरकारी शाळांत प्रवेश मिळाला. कॅथलिक शाळांमध्ये हा बदल सप्टेंबर १९६२ मध्ये झाला. तत्पूर्वी एप्रिलमध्ये रमेल यांनी उघड विरोध करणाऱ्या लिअँडर पेरेझ यांच्यासह तिघांना धर्मबहिष्कृत केले होते.

रमेल यांचे धैर्य निर्विवाद आहे. तथापि, ज्या व्यवस्थेला पाप म्हटले गेले ती त्यांच्याच शाळांत आणखी सहा वर्षे चालली, हेही तितकेच खरे. म्हणूनच या शाळांचे मूल्यमापन करताना घोषणेचे वर्ष आणि प्रवेशाचे वर्ष स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक ठरते.