तीस हजार म्हणजे कमी हाये का?

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नव्हतं. धानाची कापणी, मग चुरणी, मग विकायची धावपळ... वेळच मिळाला नाही. आज लिहितोय ते भाच्यामुळे.

दिवाळीत ताई आणि भाचा आमच्याकडे आले होते. संध्याकाळी आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर बसलो होतो. (बाहेरच्या मंडळींसाठी : बोदलकसा हे गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं आमचं तलावाचं गाव.) भाचा पंधरा वर्षांचा आहे आणि क्रिकेटचं वेड डोक्यात गेलेलं. नागपूरला एका कोचिंगमध्ये जायचं म्हणतो. ताईला वाटतं मी त्याला समजवावं. म्हणून मी विनोद कांबळीचं उदाहरण काढलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने स्वतः वर्तमानपत्राला सांगितलं होतं, की क्रिकेट मंडळाची पेन्शन हेच आपलं एकमेव उत्पन्न आहे, आपल्याला काम हवंय. पेन्शन होती महिना तीस हजार.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तीस हजार म्हणजे कमी हाये का? आपल्याकडे त्यात घर चालते."

मला उत्तरच सुचेना! तेव्हापासून डोक्यात विनोदचा हिशेब सुरू आहे.

१९९३ साली मी गोंदियाला कॉलेजात होतो. त्या वर्षी रेडिओवर विनोदशिवाय दुसरं काही नव्हतं. १८ जानेवारीला, एकविसाव्या वाढदिवशी, जयपूरला इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय शतक. त्याच महिन्याअखेर कसोटी पदार्पण. फेब्रुवारीत वानखेडेवर २२४. मार्चमध्ये दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७. मग श्रीलंकेत आणखी दोन शतकं. कसोटीतल्या हजार धावा चौदा डावांत. एवढ्या कमी डावांत हा टप्पा आजवर दुसऱ्या कुठल्याही भारतीयाला गाठता आलेला नाही. यशस्वी जयस्वालला २०२४ मध्ये सोळा डाव लागले. आणि ही कांजूरमार्गच्या चाळीतली पोरं, लोकलच्या गर्दीत किट सांभाळत शिवाजी पार्कला आचरेकर सरांकडे जाणारी! रेडिओला कान लावून बसलेल्या आम्हाला ते फार जवळचं वाटायचं.

त्यानंतरची घसरण भराभर झाली. १९९४ च्या शेवटी वेस्ट इंडिजच्या उसळत्या चेंडूंनी त्याला सतावलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला न्यूझीलंडविरुद्ध शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय होतं तेवीस. सतरा कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. सचिनची कारकिर्दीची सरासरी ५३.७८ आहे. (सतरा कसोटी आणि दोनशे कसोटी यांची तुलना होत नाही, ठाऊक आहे. तरी आकडा बघून पोटात कालवतं.) एकदिवसीय सामने तो २००० पर्यंत आत-बाहेर करत खेळला. शारजात भारत ५४ धावांत आटोपला तो शेवटचा.

आपल्याकडे ही गोष्ट नेहमी एकाच चालीवर सांगतात. दोन मित्र, दोघांत प्रतिभा, एकात शिस्त आणि दुसऱ्यात नाही. मीही भाच्याला तीच ऐकवणार होतो. विनोदच्या सवयींवर खूप बोललं गेलंय, त्यात मी भर घालणार नाही. मला ह्या गोष्टीत कॅलेंडर दिसतं.

१९८३ ला आपण विश्वचषक जिंकलो तेव्हा मंडळाचे अध्यक्ष आपल्या नागपूरचे एन. के. पी. साळवे होते, आणि खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येकाला एक लाख मिळाले. त्या पिढीचं घर नोकरीवर चालायचं. गावसकर निर्लॉनमध्ये होता, मुंबईचे कितीतरी खेळाडू बँकांत आणि गिरण्यांच्या कंपन्यांत. टाइम्स शील्ड खेळायची, पगार घ्यायचा, प्रॉव्हिडंट फंड साठवायचा. पैसा थोडा, पण साठाव्या वर्षापर्यंतचा.

मग टीव्ही आला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रक्षेपणावर सरकारची मक्तेदारी नाही. त्याच वर्षी सचिनने मार्क मस्करेन्हासच्या वर्ल्डटेलशी पाच वर्षांचा, कोट्यवधींचा करार केला. १९९५! विनोदच्या शेवटच्या कसोटीचंच साल. शाळेत ६६४ ची भागीदारी करणारे दोघं त्या वर्षी दोन वेगळ्या काळांत गेले. खेळाडूंना श्रेणीप्रमाणे वार्षिक करार मिळू लागले तेव्हा विनोद संघात नव्हता. २००८ ला आयपीएल आलं आणि धोनीला पंधरा लाख डॉलर मिळाले, तेव्हा विनोद छत्तीस वर्षांचा होता. नोकरीची जुनी सावली सरत चालली होती, करोडोंचं नवं ऊन यायचं होतं. त्या मधल्या वर्षांत तो तारा होता.

आमच्या धानपट्ट्यात हे कुणालाही चटकन कळेल. कर्जाचा तगादा असतो म्हणून शेतकरी व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा होतो आणि नंतर सरकार बोनस जाहीर करतं. धान तेच, बांधी तीच.

पण कॅलेंडरवर सगळं ढकलणंही खरं नाही. अमेरिकेत बेसबॉलचा कर्ट शिलिंग म्हणून मोठा पिचर होता. कारकिर्दीत दहा कोटी डॉलरच्या वर कमावले. निवृत्तीनंतर व्हिडिओ गेमची कंपनी काढली, २०१२ ला ती बुडाली आणि त्याची पुंजी गेली. २००४ च्या स्पर्धेत घातलेला रक्ताचे डाग पडलेला मोजा त्याने लिलावात काढला, ९२ हजार डॉलरला गेला. म्हणजे अमाप पैसाही पुरत नाही. असो.

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. विनोद खुर्चीत बसलेला, सचिन उठून त्याच्याजवळ गेला, विनोद त्याचा हात सोडेना. सगळ्यांनी पाहिलंय ते. त्याच महिन्यात तो भिवंडीजवळ हॉस्पिटलात होता. २०२५ च्या एप्रिलपासून गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने त्याला महिना तीस हजार द्यायचं ठरवलं. पुन्हा तीस हजारच! मुंबईत भाडं, दवाखाना, मुलांच्या शाळा... भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ तलावाकडे बघत राहिला.

"म्हणजे जाऊ नको म्हणता?"

"जा. पण बारावी सोडायची नाही."

हे ताईला पटलं नाही. तिला सरळ 'नको' हवं होतं. फीचा पहिला हप्ता कुणी भरायचा ह्यावर आमचं अजून ठरायचंय.

जाताना भाच्याला आणखी एक सांगितलं. ६६४ च्या त्या सामन्यात विनोदने नाबाद ३४९ केल्या हे लोकांना आठवतं. नंतर सेंट झेवियर्सचा डाव आला तेव्हा त्यानेच ३७ धावांत सहा बळीही घेतले होते, ऑफस्पिन टाकून. भाचाही ऑफस्पिन टाकतो. त्याने दोनदा विचारलं, "खरंच? सहा?"

आणि अंधार पडत होता तरी चेंडू घेऊन अंगणात गेला.