अभ्यासेतर उपक्रम आणि महाविद्यालयीन प्रवेश (अमेरिका)

अभ्यासेतर उपक्रम म्हणजे विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेर केलेले क्रीडा, कला, वक्तृत्व, समाजसेवा इत्यादी क्षेत्रांतील कार्य. अमेरिकेत ज्या महाविद्यालयांत मोजक्याच अर्जदारांना प्रवेश मिळतो, त्यांपैकी अनेक ठिकाणी गुणांबरोबर या कार्याचाही विचार होतो. या पद्धतीस समग्र मूल्यमापन म्हणतात.

इतिहास
१९२० च्या दशकात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांनी प्रवेशासाठी ‘चारित्र्य’ व व्यक्तिमत्त्व या निकषांना महत्त्व दिले. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवणे हा त्यामागील एक हेतू होता.

स्वरूप
‘कॉमन ॲप्लिकेशन’ या सामाईक अर्जात दहापर्यंत उपक्रम नोंदवता येतात. त्यांत स्वयंसेवेप्रमाणेच नोकरी व कौटुंबिक जबाबदाऱ्याही नमूद करता येतात.

प्रभाव
अपुऱ्या गुणांची भरपाई उपक्रमांमुळे सहसा होत नाही. मात्र शैक्षणिकदृष्ट्या तुल्यबळ अर्जदारांत ते निर्णायक ठरू शकतात.

टीका
खर्चिक प्रशिक्षण व परदेशातील सेवादौरे सधन कुटुंबांनाच परवडतात, असा आक्षेप घेतला जातो. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘टर्निंग द टाइड’ या अहवालात उपक्रमांच्या संख्येपेक्षा गुणवत्तेला व कुटुंबासाठी केलेल्या कामाला महत्त्व देण्याची शिफारस आहे. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या लाचखोरी प्रकरणात काही विद्यार्थ्यांना खोटेच खेळाडू म्हणून दाखवल्याचे निष्पन्न झाले.

भारतातील स्थिती
भारतात अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश मुख्यतः प्रवेश परीक्षांवर अवलंबून असतात. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत क्रीडा व रेखाकलेतील प्रावीण्यासाठी नियमानुसार अतिरिक्त गुण मिळतात.