रयतेचा चेहरा आणि सरकारची जाहिरात

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव तेथील प्राचीन मंदिरांमुळे, पुष्करणीमुळे आणि उंच शिल्पमंडित स्तंभामुळे अभ्यासकांना परिचित आहे. त्या पाषाणांची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्याच्या चौकटीत देवळाच्या ओट्यावर टेकलेली एखादी वृद्धा सहज येऊन जाते. आणि त्या वृद्धेचा चेहरा पुढे कोणत्या कामी लावला जाईल यावर तिचा काही अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मराठवाड्यात कॅमेऱ्याइतकाच जुना आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत चारठाणा निजामाच्या अंमलात होते. त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ, ज्यांना सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ‘मुसव्विर जंग’ हा किताब बहाल केला, हे असामान्य कलावंत होते यात शंका नाही. 1899–1900 च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात सरकारने जी मदतकार्ये चालविली त्यांची छायाचित्रे त्यांच्या चित्रशाळेने घेतली, व ती निजामांच्या सत्कृत्यांचा आलेख म्हणून संग्रहित झाली. अन्नासाठी आलेली ती कृश माणसे, त्यांच्या कडेवरची मुले, हे सारे त्या चित्रांत आहे. परंतु ती चित्रे ज्याची कीर्ती सांगतात तो धनी निराळा आहे. उपाशी माणसापुढे कॅमेरा उभा राहिला म्हणजे त्याच्या होकाराला अर्थ तो किती उरणार? खैरात घेणाऱ्याला नकार देण्याची सोय नसते.

तो काळच अजाण होता, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. याच दीनदयाळांनी 1892 मध्ये हैदराबादेत खानदानी स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना चित्रशाळा उघडली, आणि परपुरुषाची दृष्टी त्यांच्यावर पडू नये म्हणून तिचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपविला. स्वतःची प्रतिमा कोणी पाहावी हे ठरविण्याचा हक्क त्या राज्याला पूर्णपणे ठाऊक होता. तो हवेलीतल्या स्त्रीला होता, दुष्काळी छावणीतल्या स्त्रीला नव्हता, एवढेच.

पुढे छापखाना आणि व्यापार यांनी हा भेद सर्व जगात पसरविला. न्यूयॉर्कमधील एका तरुणीचे चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले, 1902 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तिला दाद दिली नाही, आणि लोकक्षोभामुळे दुसऱ्याच वर्षी कायदा करावा लागला.

आपल्याकडे संस्थाने गेली, पण सत्कृत्यांचा आलेख गेला नाही. 2024 च्या जुलैत मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत शिरूर तालुक्यातील एका वृद्धाचा चेहरा झळकला. ते गृहस्थ सुमारे तीन वर्षे बेपत्ता होते, आणि ज्या घरच्यांना त्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता त्यांना ते सरकारी जाहिरातीत दिसले. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका ग्रामीण स्त्रीची कैफियत आली: संमतीविना घेतलेले तिचे छायाचित्र चित्रविक्रीच्या संकेतस्थळावर गेले आणि तेथून महाराष्ट्रासह अनेक राज्य सरकारांच्या व एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत वापरले गेले. न्यायालयाने हा सकृद्दर्शनी व्यापारी गैरवापर मानून संबंधितांना नोटिसा काढल्या. छायाचित्रकार, विक्रेता, जाहिरातसंस्था आणि शासकीय खाते यांपैकी प्रत्येकाला वाटते की परवानगी आधीच्याने घेतली असेल. आणि ज्याचा चेहरा, त्याला कोणीच विचारलेले नसते.

वास्तविक 1994 मध्येच, राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून जाहिरातीसाठी व्यक्तीचे नाव वा प्रतिरूप वापरणे हा खासगीपणाचा भंग होय असे सांगून ठेवले आहे. तेव्हा नव्या कायद्याची वाट न पाहता शासनाने एवढे करावे: जाहिरातीत जिचा चेहरा आहे त्या व्यक्तीचे, तिला तिच्या भाषेत वाचून दाखविलेले व तिच्या सहीचे अथवा अंगठ्याचे संमतिपत्र दप्तरी दाखल असल्याखेरीज कोणत्याही जाहिरातीचे देयक मंजूर करू नये.